वासरू सापडलं की भाऊ?

महिन्यातून तीन-चार वेळा तरी व्हॉट्सॲपवर हा निरोप येतो. ‘काका, फोटोतला मजकूर वर्डमध्ये आणायचं चांगलं सॉफ्टवेअर सांगा ना. मराठी चालणारं. शक्यतो फुकटातलं.’ डीटीपीच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे ओळखीच्यांना वाटतं याच्याकडे काहीतरी गुपित असणार. गुपित काही नाही. पान सपाट ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मजकूर आलेला असतो. चार ओळींचंच काम असेल तर फोनमधलं गूगल लेन्स पुरतं. शेकडो पानं असतील आणि कॉम्प्युटरशी थोडी झटापट करायची तयारी असेल तर टेसरॅक्ट आहे. हे सॉफ्टवेअर एचपी कंपनीत १९८०च्या दशकात जन्मलं, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं, पुढे गूगलने वाढवलं. मराठी वाचतं, पैसे मागत नाही, इंटरनेटशिवाय चालतं.

निरोप पाठवणारा अंगठा दाखवून जातो आणि आठवड्याने परत येतो. ‘काका, चुका फार येतात हो. दुसरं एखादं?’

दुसरं घेतलंत तर दुसऱ्या चुका येतील, एवढंच मी सांगू शकतो. छापील पानावरून मजकूर उचलणं हे आता बऱ्यापैकी सुटलेलं कोडं आहे. उचललेला मजकूर मूळ पानाशी ताडून बघणं हे काम मात्र अजून माणसाचंच आहे, आणि ते कोणी करायचं, त्याचे पैसे कोणी द्यायचे याचा विचार आपण केलेलाच नाही. मराठीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सार्वजनिक पैशातून लाखो पानं स्कॅन झाली असतील. त्यांतली किती पानं कोणी वाचून तपासली?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. गावच्या वाचनालयाचे चिटणीस. पिशवीत, मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावाची हकीकत, १९३१ साली छापलेली, पानं दोनशे बारा. लिहिणारे कोणी नामांकित नव्हते, गावच्याच शाळेतले मास्तर. एवढी एकच प्रत उरली आहे असं गुरुजींचं म्हणणं. वाचनालयाच्या शताब्दीला नवी आवृत्ती काढायची होती. गावातल्या एका पोराने हौसेने फोनवर फोटो काढून मजकूर ‘काढून’सुद्धा दिला होता. त्याची प्रिंट गुरुजींनी टेबलावर ठेवली आणि लाल पेनाने अधोरेखित केलेली जागा दाखवली.

मूळ पुस्तकात, पुराच्या प्रकरणात, असं आहे: ‘त्या रात्रीं दोघे भाऊ व एक वासरूं वाहून गेलें. तें दुसऱ्या दिवशीं वडाखालीं सांपडलें.’

प्रिंटमध्ये होतं: ‘त्या रात्री दोघे भाऊ व एक वासरू वाहून गेले. ते दुसऱ्या दिवशी वडाखाली सापडले.’

‘सापडलं ते वासरू हो,’ गुरुजी म्हणाले. ‘भाऊ कुठले सापडतायत.’

दोन वाक्यांत आठ टिंबं गळाली होती. जुन्या लेखनात ‘तें’ म्हणजे एक वासरू, आणि ‘ते’ म्हणजे दोघे भाऊ. ‘सांपडलें’ एकवचनी, नपुंसकलिंगी. ‘सापडले’ अनेकवचनी, पुल्लिंगी. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले तेव्हा न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी स्वतः त्या नियमांवरच जगलो आहे. पण नियमांनंतर लिहिणारा माणूस टिंबाविना घोटाळा होणार नाही अशी वाक्यरचना करतो. १९३१ चे मास्तर टिंबाच्या भरवशावर लिहीत होते. त्यांच्या लिंगवचनाचा सगळा भार त्या ठिपक्यांवर होता.

हे टिंब गळण्याची कारणं दोन. पहिलं साधं आहे: नव्वद वर्षांच्या कागदावर शाईचे, कसरीचे, ओलीचे इतके ठिपके असतात की त्यांतला कुठला अनुस्वार आणि कुठला डाग हे यंत्राला ओळखता येत नाही. मग स्कॅन ‘स्वच्छ’ करताना दोन्ही एकदमच पुसले जातात. दुसरं कारण जास्त चिवट. आजची सॉफ्टवेअरं एकेक अक्षर सुटं वाचत नाहीत, ओळ वाचतात, आणि त्यांची शिकवणी बहुतेक आजच्या मजकुरावर झालेली असते. ‘कांहीं’ समोर आलं की त्यांना ‘काही’ ओळखीचं वाटतं. ती वाचता वाचता प्रमाणलेखन करत जातात, आणि कुणी विचारलेलं नसताना. गंमत म्हणजे मी आत्ता ‘केलं, गेलं’ असं टिंब देऊन लिहितोय त्याचंही मध्येच ‘केल, गेल’ होतं. म्हणजे जुन्यालाही सुख नाही आणि नव्यालाही.

बाकीच्या अडचणी धंद्यातल्यांना पाठ असतात. देवनागरीत शिरोरेषेने अख्खा शब्द बांधलेला, त्यामुळे अक्षर कुठे संपलं हे शोधावं लागतं. भ-म, घ-ध, ब-व, थ-य या जोड्या फिकट छपाईत एकमेकांचे मुखवटे घालून येतात. ‘ख’चा ‘रव’ होतो. ऱ्या आणि र्य यांची गल्लत झाली की आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना जाते. हे शाळेतलं उदाहरण मी प्रत्यक्ष प्रुफात पाहिलेलं आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी छापलेलं पुस्तक असेल तर यंत्राचं निम्मं काम त्या देखण्या, ठसठशीत अक्षरांनीच केलेलं असतं. गणपत कृष्णाजींच्या काळातलं शिळाप्रेसवरचं, म्हणजे हाताने लिहून दगडावरून छापलेलं, पुस्तक आलं तर हात जोडावेत, कारण ते छापील असलं तरी मुळात कुणाच्या तरी हातचं अक्षर आहे. आणि सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे ‘अितिहास’, ‘अुपाय’ असं छापलेलं जुनं मासिक यंत्रापुढे ठेवलं की ते काय करेल याचा नेम नाही. बहुधा ‘इतिहास’ करून मोकळं होतं. वाचणाऱ्याला सोय वाटेल. पण त्या पानावर चाललेला लिपीचा वादच त्यातून पुसला जातो.

तर अशी ही पानं. ‘अमुक लाख पानांचं डिजिटायझेशन पूर्ण’ ही बातमी आपण वाचतो तेव्हा बहुतेक वेळा पानांचे फोटो काढून झालेले असतात. फोटो काढणं वाईट नाही. कागद मरण्याआधी त्याची प्रतिमा घेऊन ठेवणं ही पहिली पायरी, आणि ती अनेकांनी मनापासून चढली आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तकं कोणालाही फुकट उतरवून घेता येतील अशी ठेवली, याचा फायदा मी स्वतः किती वेळा घेतला असेल! पण त्यांतल्या जुन्या पुस्तकांपैकी बरीचशी म्हणजे पानांची चित्रं आहेत. चित्रात शब्द शोधता येत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर वर्षानुवर्षं मराठी पुस्तकांच्या माहितीत एक ओळ असायची, तिचा अर्थ साधारण असा: ‘या भाषेतला मजकूर यंत्राला सध्या वाचता येत नाही.’ आता ती ओळ मागे पडली आहे. तिच्या जागी मजकूर मिळतो, पण तो कोणी तपासलेला नसतो.

याउलट ज्या मराठी ग्रंथांचा मजकूर झाला, त्यांचं काय झालं ते बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाने तो शोधता येईल असा इंटरनेटवर ठेवला आणि दीडशे वर्षांपूर्वीचा कोश आज भाषांतरकारांच्या रोजच्या कामात आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने मजकूररूपात आणला. वाईच्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी गूगलवर शोधताना सहज पुढ्यात येतात. ग्रंथ मोठे होतेच, पण पानाचा मजकूर झाला म्हणून ते पुन्हा वापरात आले. त्याच तोलाची इतर पुस्तकं फोटो होऊन पडली आहेत आणि त्यांच्यात काय आहे हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ती सापडतात.

ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी तर फोटो म्हणजे कोरा कागद. माझ्याकडे एक अंध विद्यार्थी स्पर्धापरीक्षेच्या नोट्स करून घ्यायला यायचा. एनव्हीडीए नावाचं स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरायचा, त्याच्या वेगाला माझे कान पुरत नसत. एकदा त्याने एका विभागाच्या परिपत्रकाची पीडीएफ उघडली आणि हेडफोन माझ्या हातात दिला. काहीच आवाज नाही. परिपत्रक कॉम्प्युटरवरच टाइप केलेलं होतं. मग त्याची प्रिंट काढली गेली, त्यावर सही-शिक्का झाला, आणि सहीसकट कागद स्कॅन करून तोच संकेतस्थळावर चढवला गेला. मजकूर होता. तो स्कॅनरच्या काचेवर मेला. खरं तर अंध वाचकांसाठी पुस्तकांची वाचता येण्याजोगी प्रत करायला कायद्याची आडकाठी नाही. २०१२ साली आपण कॉपीराइट कायद्यात तशी सूट घातली, आणि त्याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ साली जगातला पहिला देश होता. कायद्यात पहिले आलो आणि पीडीएफ मुकी ठेवली.

शोधता न येणारी कागदपत्रं किती महागात पडतात हे महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाहिलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या दप्तरांची पानं माणसांनी एकेक करून उलटली. बरीचशी मोडीत, काही उर्दूत. मोडी वाचणारे कुठून आणायचे याची धावपळ झाली. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण लोकांचे हक्क ज्या कागदांवर ठरतात ते आपल्याकडे असूनही नसल्यासारखे होते, एवढं त्या महिन्यांत सगळ्यांना दिसलं. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक यादीत, २०१४ सालीच आली आहे. अक्षरांना घर मिळालं, मजकूर राहायला आलेला नाही.

आता यावर हमखास येणारा आक्षेप. ‘एआयचे दिवस आहेत. पाच वर्षं थांबा, यंत्र सगळं बिनचूक वाचेल. आत्ता माणसं बसवून पैसा कशाला घालवायचा?’

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण नवी यंत्रं खरोखर चांगली आहेत. गुरुजींचंच पुस्तक मी त्यांतल्या एकाला दाखवलं. जुन्या सॉफ्टवेअरने जिथे अक्षरांची भेळ केली होती तिथे याने स्वच्छ, वाहती वाक्यं दिली. मी खूश होतो. मग सत्त्याऐंशीव्या पानावर आलो. त्या पानाच्या खालच्या दोन ओळी कसरीने खाल्ल्या आहेत. कागदाला आरपार भोक आहे, मागच्या पानावरचं चित्र दिसतं. यंत्राने तिथे दोन ओळी दिल्या होत्या. पुढच्या-मागच्या मजकुराला शोभतील अशा, मास्तरांच्या शैलीतल्या, आणि पूर्णपणे स्वतःच्या मनाच्या.

जुनं सॉफ्टवेअर चुकायचं तेव्हा ‘ग्रामपंचायत’चं ‘याभपंचावत’ करायचं. चूक डोळ्यात खुपायची, दहावीतला पोरगासुद्धा दुरुस्त करायचा. नव्याची चूक शुद्ध मराठीत असते. ती पकडायला मूळ पानच शेजारी ठेवावं लागतं आणि शब्दाला शब्द लावून वाचावं लागतं. म्हणजे यंत्र जितकं हुशार तितका मुद्रितशोधक जास्त लागतो, कमी नाही. शिवाय हे यंत्र मराठी शिकणार कशावरून? माणसांनी पानाशी ताडून दिलेल्या मजकुरावरूनच. ते आपण केलं नाही तर पाच वर्षांनीही ते आजचंच मराठी शिकलेलं असेल आणि ‘तें’चं ‘ते’ करत राहील. नुसतं थांबून काही होत नाही.

‘इतके मुद्रितशोधक आणायचे कुठून?’ हा पुढचा प्रश्न. पद्धत तयार आहे. मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड-ग्रंथालयावर स्वयंसेवक वर्षानुवर्षं हेच करतात: एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने काढलेला मजकूर. एकाने तपासलं की पान पिवळं होतं. दुसऱ्याने, त्याच माणसाने नव्हे, पुन्हा तपासलं की हिरवं. छापखान्यातली दोन प्रुफांची रीत, फक्त रंगीत. पण ही स्वयंसेवा आहे, आणि ज्या कामाला निविदा निघायला हवी ते कुणाच्या तरी रात्रीच्या जागरणावर ढकलणं मला पटत नाही. निवृत्त शिक्षक, घरी बसून काम हवं असलेल्या पदवीधर बायका, वर्तमानपत्रांनी मुद्रितशोधन विभाग बंद केल्यावर घरी बसलेले आमच्यासारखे लोक, शिवाय हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं: माणसं नाहीत असं कोणी म्हणू नये. त्यांना पानामागे पैसे द्यायची तयारी नाही, हे म्हणा.

माझी मागणी तशी रुक्ष आहे. स्कॅनिंगची निविदा निघेल तेव्हा तिच्यात तपासलेल्या मजकुराची किंमत धरलेली असावी, आणि तो मजकूर फोटोबरोबरच सगळ्यांना खुला असावा. मजकुराचे दोन थर ठेवावेत. एक मुळाबरहुकूम, टिंबासकट, ‘अितिहास’ असेल तर ‘अितिहास’. दुसरा नुसता शोधण्यापुरता, आजच्या लेखनातला, म्हणजे ‘नाव’ शोधणाऱ्याला ‘नांव’ही सापडेल. जुन्यातला ‘घरांत’ म्हणजे एका घरात, आजचा ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. दोन थर एकमेकांत मिसळले की कोण कुठल्या काळातलं बोलतोय हेच कळत नाही.

आणि त्याही आधी, सगळ्यात स्वस्त काम. १९९० ते २०१० या काळातली बहुतेक मराठी पुस्तकं कॉम्प्युटरवरच टाइप झाली आहेत. श्रीलिपी, आकृती, आयएसएमचा सुरेख अशा युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये. त्या फाइलीतला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो, म्हणून लोक तीच पुस्तकं स्कॅन करून पुन्हा यंत्राकडून वाचून घेतात. उलटा उद्योग आहे हा. त्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक आहेत, मी रोज वापरतो. ऱ्या आणि काही जोडाक्षरं हाताने नीट करावी लागतात, बस्स. फक्त मूळ फाइली हव्यात. त्या प्रकाशकांच्या कपाटांत, माझ्यासारख्यांच्या दुकानांत सीडीवर पडल्या आहेत आणि सीडीला बुरशी येते. माझ्याच दुकानातल्या चाळीसेक सीडी गेल्या वर्षी वाचता येईनात, त्यांत अनुदानावर निघालेली पुस्तकंही होती. शासनाच्या पैशावर पुस्तक निघत असेल तर छापील प्रतींबरोबर युनिकोडमधली फाइलही जमा झाली पाहिजे, हा एक कलमाचा बदल आहे.

कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांबाबत तर ‘हक्क कोणाचे’ ही सबबही उरत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन कोणीही छापावं, चढवावं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली तेव्हा पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. ज्या जुन्या ग्रंथांच्या जोरावर ते पेढे मिळाले त्यांच्यात एक शब्द शोधायचा म्हटलं तर आजही अनेकदा पानं चाळावी लागतात.

गुरुजींचं पुस्तक आम्ही दोघांनी जुन्या पद्धतीने तपासलं. ते मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायचे, टिंबासकट: ‘तें, वरती अनुस्वार. सांपडलें, दोन अनुस्वार. पूर्णविराम.’ मी पडद्यावर बघायचो. दुपारी तीन ते पाच, सव्वीस दिवस लागले. सत्त्याऐंशीव्या पानावर कंस करून ‘येथे दोन ओळी कसरीने खाल्ल्या आहेत’ असं घातलं. गुरुजींना ते आधी बरं वाटेना, नव्या आवृत्तीत असं छिद्र कसं ठेवायचं म्हणून. मग म्हणाले, राहू द्या, आहे तसं.

हिशेबाच्या दिवशी त्यांनी पैसे मोजून दिले आणि वाचनालयाच्या नावाने पावती मागितली. ‘कशाबद्दल लिहू?’ मी विचारलं. ‘मुद्रितशोधन?’

‘छे हो, ऑडिटमध्ये अडकेल. अनुदानात तसं शीर्षच नाहीये.’ ते थोडे थांबले. ‘बाइंडिंग लिहा.’